फुप्फुस-पुनर्वसनाची जडणघडण

सीओपीडी हा श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आणि फुप्फुसातले वायुकोश झिजवणारा आजार आहे. दीर्घकालीन ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा ही त्याची दोन मुख्य रूपे. तंबाखूचा धूर, चुलीचा धूर, खाणी आणि कारखान्यांतील धूळ ही त्याची प्रमुख कारणे. आजार बळावला की रुग्णाला आधी जिना चढताना, मग अंघोळ करताना आणि शेवटी सदरा अंगात घालतानाही धाप लागते. अशा रुग्णाला ट्रेडमिलवर चालवणे, जागेवरची सायकल मारायला लावणे, पायाला वजन बांधून तो उचलायला सांगणे हा आज जगभर मान्य असलेला उपचार आहे. त्याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन किंवा फुप्फुस-पुनर्वसन म्हणतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र याच रुग्णाला श्रम टाळण्याचा आणि धाप लागेल असे काहीही न करण्याचा सल्ला मिळत असे. तो सल्ला मागे पडायला जवळपास अर्धे शतक गेले.

क्षयरोगाच्या आरोग्यधामांतील वाद

फुप्फुसाच्या रुग्णाने हालचाल करावी की पडून राहावे, हा प्रश्न पहिल्यांदा क्षयरोगाच्या संदर्भात उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टरने सायलीशियातील ग्योर्बर्सडॉर्फ या डोंगरी गावात क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. रुग्णांनी मोकळ्या हवेत डोंगरवाटांनी बेताबेताने चढत जावे, त्याने हृदय आणि रक्ताभिसरण बळकट होईल, असे त्यांचे मत होते. त्यांचेच रुग्ण आणि पुढे सहकारी झालेले पेटर डेटवायलर यांनी १८७६ मध्ये फ्रँकफर्टजवळच्या फाल्केनश्टाइन येथे नेमकी उलट पद्धत सुरू केली. तिथे रुग्ण उघड्या सज्जात आरामखुर्च्यांवर तासन्‌तास निजून राहत. युरोप-अमेरिकेतील बहुतेक आरोग्यधामांनी डेटवायलर यांचाच मार्ग धरला.

तरीही व्यायामाचा विचार पुरता विझला नाही. अमेरिकेत डेन्व्हर येथील डॉ. चार्ल्स डेनिसन यांनी १८९५ मध्ये फुप्फुसाच्या रुग्णांचा व्यायाम आणि आहार यांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये ब्रॉम्प्टन रुग्णालयाच्या फ्रिमली येथील आरोग्यधामात डॉ. मार्कस पॅटरसन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘श्रेणीबद्ध श्रमा’ची पद्धत बसवली. ताप उतरलेल्या रुग्णाला आधी थोडे चालवत आणि ते अंतर हळूहळू वाढवत दिवसाला दहा मैलांपर्यंत नेत. त्यानंतर मातीच्या टोपल्या वाहणे, मग लहान फावडे, मग मोठे फावडे आणि सर्वांत शेवटी कुदळ अशा पायऱ्या होत्या. प्रत्येकाचा ताप नियमित मोजला जाई आणि पारा चढला की काम थांबवून रुग्णाला खाटेवर परत पाठवले जाई. पॅटरसन यांनी यामागे मांडलेली रोगप्रतिकाराची उपपत्ती पुढे टिकली नाही. श्रम थोड्यापासून सुरू करावेत, मोजूनमापून वाढवावेत आणि अंगाला न झेपल्यास थांबावे, ही शिस्त मात्र आजच्या पुनर्वसनातही तशीच आहे.

१९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले आणि आरोग्यधामे ओस पडू लागली. छातीच्या डॉक्टरांसमोर आता दुसरे रुग्ण येऊन बसले होते : सिगारेट ओढणारे, खाणीत काम केलेले, शहरी धुराने कोंडलेले. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुके साचून राहिले. त्या काळात सुमारे चार हजार जादा मृत्यू झाल्याचा तेव्हाचा अंदाज होता आणि त्यांत जुन्या ब्राँकायटिसचे रुग्ण फार होते. या आजारावर क्षयासारखे औषध नव्हते. रुग्णाला खोकल्याचे औषध, छातीचा शेक आणि विश्रांती एवढेच मिळत असे.

बराक यांचे निरीक्षण

त्याच १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील डॉ. अल्व्हन बराक यांनी एक वेगळे निरीक्षण नोंदवले. बराक १९२० च्या दशकापासून ऑक्सिजनच्या वैद्यकीय वापरावर काम करत होते. एम्फिसीमाच्या दोन रुग्णांना त्यांनी ऑक्सिजन देत चालवले. काही काळाने हे रुग्ण ऑक्सिजनशिवायही पूर्वीपेक्षा सहज चालू लागले. खेळाडूंच्या शरीरात सरावाने जो बदल घडतो, तसाच बदल या रुग्णांतही घडत असावा, असा तर्क बराक यांनी मांडला.

त्या काळच्या समजुतींना हा तर्क धक्का देणारा होता. धाप हे धोक्याचे लक्षण मानले जाई. झिजलेल्या फुप्फुसावर ताण पडला तर हृदयाची उजवी बाजू थकेल, अशी भीती होती. ऑक्सिजन दिल्याने श्वसनाची प्रेरणा मंदावेल आणि रुग्ण कायमचा नळीला बांधला जाईल, असेही सांगितले जाई. परिणामी रुग्ण घरात, मग खोलीत आणि शेवटी खुर्चीत अडकत जाई. हालचाल कमी झाली की स्नायू रोडावत, रोडावलेल्या स्नायूंना थोड्याशा कामालाही अधिक हवा लागे आणि धाप वाढे. वाढलेल्या धापेमुळे हालचाल आणखी कमी होई. विश्रांतीचा सल्ला या दुष्टचक्राला खतपाणी घालत होता.

१९६४ मध्ये टेक्सासमधील डॅलस येथे ॲलन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी एम्फिसीमाच्या रुग्णांना ट्रेडमिलवर सराव दिला. सरावानंतर तेवढ्याच वेगाने चालताना रुग्णांची नाडी आणि श्वासाची गती कमी राहू लागली. फुप्फुसाच्या चाचण्यांचे आकडे मात्र होते तसेच राहिले. रुग्ण सुधारतो, पण फुप्फुस सुधारत नाही, हे कोडे पुढची तीस वर्षे या उपचाराच्या पाठीशी लागले.

डेन्व्हरचा संघ

डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत फुप्फुसाच्या रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन आणखी घसरतो. कोलोरॅडो विद्यापीठातील डॉ. थॉमस पेटी आणि परिचारिका लुईझ नेट यांनी १९६० च्या दशकात याच शहरात पुनर्वसनाचा पहिला सर्वांगीण कार्यक्रम बांधला. द्रवरूप ऑक्सिजनचा खांद्याला अडकवता येणारा डबा तेव्हा नुकताच उपलब्ध झाला होता. तो घेऊन रुग्ण घराबाहेर पडू शकत होते. १९६७ मध्ये पेटी यांच्या गटाने अशा मोजक्या रुग्णांवरील सततच्या ऑक्सिजनचे परिणाम प्रसिद्ध केले. १९६९ मध्ये त्यांनी संपूर्ण कार्यक्रमाचा अहवाल मांडला. त्यात आजाराची माहिती, सिगारेट सोडवणे, छातीतला कफ काढण्याची पद्धत, ओठ आवळून सावकाश श्वास सोडण्याचे शिक्षण, औषधे, ऑक्सिजन आणि रोजचे वाढते चालणे या सर्वांचा समावेश होता.

पेटी यांचे मोठे योगदान संघाच्या कल्पनेत आहे. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि समाजसेवक यांनी एकाच रुग्णाचा मिळून विचार करायचा आणि घरच्या माणसांनाही त्यात घ्यायचे, अशी ती रचना होती. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्स या संस्थेने १९७४ मध्ये पुनर्वसनाची व्याख्या केली. प्रत्येक रुग्णाच्या गरजेनुसार आखलेला, अनेक शाखांच्या जाणकारांनी मिळून चालवलेला कार्यक्रम, हा त्या व्याख्येचा गाभा होता. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीचे अधिकृत निवेदन १९८१ मध्ये आले.

मोजमापाचा प्रश्न

कार्यक्रम वाढत होते, पण त्यांवर विश्वास बसत नव्हता. श्वास जोरात सोडून फुप्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री हीच तेव्हा प्रमाण चाचणी होती आणि व्यायामाने तिच्यात काडीचाही फरक पडत नसे. रुग्णांना बरे वाटते ते डॉक्टरांच्या आपुलकीने, असे टीकाकार म्हणत. १९८१ मध्ये बेलमन आणि केंड्रेगन यांनी सरावाआधी आणि सरावानंतर रुग्णांच्या स्नायूंतील एन्झाइमे तपासली, तेव्हा त्यांतही वाढ दिसली नाही. हे रुग्ण इतक्या कमी श्रमात थांबतात की त्यांच्या स्नायूंना सराव घडूच शकत नाही, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

मोजमाप बदलण्याची गरज होती. अमेरिकी हवाई दलातील केनेथ कूपर यांनी जवानांची तंदुरुस्ती जोखण्यासाठी बारा मिनिटांच्या धावण्याची चाचणी काढली होती. १९७६ मध्ये एडिंबरा येथील मॅकगॅविन, गुप्ता आणि मॅकहार्डी यांनी तिचे रूपांतर ब्राँकायटिसच्या रुग्णांसाठी बारा मिनिटांच्या चालण्यात केले. दम लागलेल्या माणसाला बारा मिनिटेही भारी पडतात, म्हणून १९८२ मध्ये बटलंड आणि सहकाऱ्यांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांची तुलना केली. सहा मिनिटांत काम भागते असे दिसले आणि तीच चाचणी रूढ झाली.

या चाचणीला लागते ती रुग्णालयाची सरळ, सपाट मार्गिका; प्रमाण लांबी तीस मीटर. दोन टोकांना दोन शंकू ठेवतात. रुग्णाने सहा मिनिटांत जमेल तेवढे अंतर चालायचे असते. धाप लागली तर तो थांबू शकतो, भिंतीला टेकू शकतो, पण घड्याळ थांबत नाही. सोबतच्या कर्मचाऱ्याने दर मिनिटाला ठरलेल्याच शब्दांत धीर द्यायचा असतो, कारण जास्त उत्तेजन दिल्यास अंतर वाढते आणि तुलना बिघडते. शेवटी मीटर मोजतात, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन पाहतात आणि शून्य ते दहाच्या बोर्ग मापनावर किती दम लागला ते रुग्णालाच विचारतात. १९९२ मध्ये लेस्टर येथील सॅली सिंग आणि सहकाऱ्यांनी शटल चालण्याची चाचणी आणली. तिच्यात दहा मीटरच्या फेऱ्या असतात आणि ध्वनिफितीवरच्या इशाऱ्यानुसार दर मिनिटाला वेग वाढत जातो.

दुसरे नवे माप प्रश्नावलीचे होते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट यांच्या गटाने १९८७ मध्ये धाप, थकवा, मनःस्थिती आणि आजारावर ताबा असल्याची भावना या चार अंगांनी रुग्णाचे जगणे मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णाच्या तोंडच्या तक्रारीला यामुळे आकड्यांचे बळ मिळाले.

उत्तर मांडीत सापडले

कोडे सुटले ते १९९० च्या दशकात. मॅकमास्टरच्याच किरन किलियन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना सायकल चालवायला लावून ते कशाने थांबतात याची नोंद केली. फुप्फुसाच्या रुग्णांपैकी अनेकांनी पाय गळून गेल्याचे कारण दिले. आजार छातीत असला तरी मर्यादा मांडीपर्यंत पोहोचलेली होती.

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील रिचर्ड कॅसाबुरी आणि इटलीतील डॉक्टरांनी मिळून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १९ रुग्ण होते. एका गटाने आठ आठवडे रोज ४५ मिनिटे जोरकस सायकल चालवली. दुसऱ्या गटाने हलक्या जोराने, पण अधिक वेळ चालवली, जेणेकरून एकूण काम सारखे भरावे. पूर्वीइतकेच श्रम करताना जोरकस गटाच्या रक्तात लॅक्टिक आम्ल स्पष्टपणे कमी तयार होऊ लागले आणि त्याच प्रमाणात श्वासही कमी लागू लागला. हलक्या गटाला झालेला लाभ बराच कमी होता. स्नायूंना सराव घडतो, फक्त तो पुरेसा जोरकस हवा, हे यातून सिद्ध झाले. १९९६ मध्ये क्वेबेकमधील फ्रांस्वा माल्ते यांच्या गटाने रुग्णांच्या मांडीतून स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. सरावानंतर ऑक्सिजन वापरणारी एन्झाइमे वाढलेली आढळली.

फुप्फुस न सुधारता धाप का कमी होते, याचे उत्तर आता हाती आले. सीओपीडीत श्वास आत घेता येतो, पण पूर्ण बाहेर सोडायला फार वेळ लागतो. श्रमात श्वासाची गती वाढली की आधीचा श्वास पुरता निघण्याआधीच पुढचा घ्यावा लागतो. हवा छातीत साचत जाते, छाती फुगून ताठ होते आणि नव्या श्वासाला जागाच उरत नाही. सराव झालेला स्नायू तेच काम कमी आम्ल तयार करून उरकतो. आम्ल कमी म्हणून कर्बवायू कमी आणि तो बाहेर टाकण्यासाठी लागणारे श्वासही कमी. गती उतरली की श्वास सोडायला वेळ मिळतो आणि छाती फुगण्याचे लांबते. स्पायरोमेट्री यातले काहीच दाखवू शकत नव्हती, कारण ती रुग्णाला खुर्चीत बसवून केली जाई.

पुराव्याची भर

कारण कळले तसा चाचण्यांचा ओघही सुरू झाला. १९९४ मध्ये टोरांटोच्या वेस्ट पार्क रुग्णालयातील रॉजर गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी तीव्र सीओपीडीच्या ८९ रुग्णांवरील चाचणी लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली. चिठ्ठी पद्धतीने निवडलेला एक गट आठ आठवडे रुग्णालयात राहून व्यायाम करत होता आणि त्यापुढे सोळा आठवडे घरून येऊन. दुसऱ्या गटावर नेहमीचे उपचार चालू होते. व्यायाम करणाऱ्यांचे सहा मिनिटांतील अंतर तुलनेने सरासरी सुमारे ३८ मीटरने वाढले, धाप कमी झाली आणि आजारावरचा ताबा वाढल्याचे त्यांनी सांगितले. १९९५ मध्ये सॅन दिएगो येथील अँड्र्यू रीस यांनी ११९ रुग्णांवर दाखवले की व्यायामासहित पुनर्वसनाचा गुण नुसत्या माहितीवर्गांपेक्षा सरस आहे.

२००० मध्ये वेल्समधून आलेल्या चाचणीने रुग्णालयांच्या व्यवस्थापनांचेही लक्ष वेधले. ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांच्या या चाचणीत २०० रुग्ण होते आणि कार्यक्रम सहा आठवड्यांचा होता. पुढच्या वर्षभरात रुग्णालयात दाखल झालेल्यांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखी राहिली. मात्र पुनर्वसन झालेल्या गटाचा मुक्काम सरासरी १०.४ दिवसांचा, तर दुसऱ्या गटाचा २१ दिवसांचा होता. २०१५ मध्ये कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण जमा झाले होते. पुनर्वसनाची नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असे सांगून संपादकांनी तो आढावा बंद केला.

खाटेवरचा रुग्ण

या बहुतेक चाचण्या आजार स्थिर असताना केलेल्या होत्या. जंतुसंसर्गाने आजार अचानक उफाळून रुग्ण दाखल होतो, तेव्हा काय करावे हा प्रश्न उरला होता. बेल्जियममधील लुव्हेन येथील संशोधकांनी दाखवले की दाखल झालेले रुग्ण दिवसाचा बहुतेक वेळ पडून किंवा बसून काढतात आणि त्यांच्या मांडीची ताकद त्याच दिवसांत घसरते. घरी गेल्यावर महिन्यानेही ते पूर्वीसारखे फिरत नाहीत. लुव्हेनच्या थिएरी ट्रूस्टर्स यांच्या गटाने २०१० मध्ये रुग्णालयातच मांडीला वजनाचा व्यायाम देऊन ही घसरण टाळता येते हे दाखवले. लंडनमधील विल्यम मॅन आणि सहकाऱ्यांनी त्याआधी, २००४ मध्ये, घरी सोडल्यावर दहा दिवसांच्या आत पुनर्वसन सुरू केले होते आणि त्याचा लाभ रुग्णांच्या चालण्यात दिसला होता.

मग व्यायाम दाखल होताच का सुरू करू नये? लेस्टरच्या गटाने ३८९ रुग्णांवर हे तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. दाखल झाल्यापासून ४८ तासांत व्यायाम सुरू केलेल्या गटात पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण कमी झाले नाही आणि वर्षअखेरीस मृत्यू अधिक आढळले : २५ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांत १६ टक्के. या फरकाचे निश्चित कारण सिद्ध झाले नाही. पण अनपेक्षित निकाल जसाच्या तसा प्रसिद्ध करून या गटाने रुग्णांचे मोठे हित साधले. २०१७ च्या युरोपीय-अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनी दाखल असतानाच कार्यक्रम सुरू न करण्याची आणि घरी सोडल्यावर तीन आठवड्यांच्या आत तो सुरू करण्याची सूचना केली. पॅटरसन यांची ताप पाहून थांबण्याची शिस्त इथे नव्या पुराव्याने अधोरेखित झाली.

उपचार आहे, पोहोच नाही

अमेरिकेत २०१० पासून मेडिकेअर ही ज्येष्ठांची विमा योजना पुनर्वसनाचा खर्च देते. तरीही २०२० मध्ये पीटर लिंडेनॉवर आणि सहकाऱ्यांनी मेडिकेअरमधील १,९७,३७६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रुग्णालयातून सुटल्यावर ९० दिवसांत पुनर्वसन सुरू करणारे केवळ दीड टक्का निघाले. त्यांच्यात वर्षभरातील मृत्यूचे प्रमाण ७.३ टक्के होते, इतरांत १९.६ टक्के. असा अभ्यास कार्यकारणभाव सिद्ध करत नाही, कारण धडधाकट रुग्णच पुनर्वसनाला येण्याची शक्यता अधिक असते. पण उपचार किती थोड्यांपर्यंत पोहोचतो, हे त्यातून निर्विवाद दिसते. प्रवासाची अडचण, केंद्रांची कमतरता आणि डॉक्टरांनी चिठ्ठीच न लिहिणे ही त्याची मुख्य कारणे. मेलबर्नच्या ॲन हॉलंड यांच्या गटाने २०१७ मध्ये १६६ रुग्णांवर दाखवले की दर आठवड्याच्या फोनवरील मार्गदर्शनाने घरी केलेला व्यायामही केंद्रातील व्यायामाइतका गुण देऊ शकतो.

भारतात हा प्रश्न अधिक मोठा आहे. २०१६ मध्ये देशात सीओपीडीचे अंदाजे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. त्यांत कधीही सिगारेट-विडी न ओढलेल्या, पण वर्षानुवर्षे चुलीसमोर बसलेल्या स्त्रियाही आहेत. लेस्टरच्या पुढाकाराने युगांडा, किर्गिझस्तान, श्रीलंका आणि भारतात पुनर्वसनाचा जो संशोधन-प्रकल्प झाला, त्यात भारतातील काम पुण्यात झाले. कमी खर्चात हा उपचार कसा बसवावा, हा त्याचा विषय होता. महागडी यंत्रे ही त्याची पूर्वअट नाही. मोजलेली मार्गिका, खुर्चीवरून उठणे-बसणे, पाणी भरलेल्या बाटल्यांची वजने, बोटाला लावायचे ऑक्सिजनमापक आणि प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट एवढ्यावर जिल्हा रुग्णालयातही तो चालू शकतो. आठवड्याला दोन-तीन वेळा, सहा ते बारा आठवडे, आणि त्यानंतर घरी रोजचे चालणे, असे त्याचे स्वरूप असते. सराव थांबला की मिळवलेला लाभ वर्ष-दीड वर्षात ओसरतो, म्हणून हे चालणे आयुष्यभराचे असते.